बशीला डावी बाजू नसते

“आई, रविवारी माझ्या ऑफिसातले सहाजण येतायत ब्रंचला. पोहे-उपमा नको हं करूस. सॅलडं करू या.”

“सकाळी?” माझ्या तोंडून तेवढंच निघालं.

आमच्या घरात सकाळी पोटात जायची ती गरम वस्तू. आधी चहा, मग काहीतरी वाफाळतं. काकडी रात्री खायची नाही, दुधात केळं कुस्करायचं नाही, फणसावर पाणी प्यायचं नाही, असे पुष्कळ नियम मला पाठ आहेत. पण काकडी सकाळी खावी की खाऊ नये, याबद्दल माहेरी किंवा सासरी कुणीच काही सांगून ठेवलेलं नव्हतं. आणि ज्याला कुणी ‘नको’सुद्धा म्हटलेलं नाही असं काही करायचं म्हटलं की मी जरा बिचकतेच.

तरी हौस दांडगी. शुक्रवारी रात्री मूग भिजत घातले, शनिवारी सकाळी उपसून फडक्यात बांधले. मंडईतून कोवळ्या काकड्या, गाजरं, बीट आणि लेकीच्या हट्टाखातर लेट्यूसचा एक गड्डा आणला. रविवारी साडेआठलाच ओट्याशी उभी राहिले.

काकडी किसायची नाही, चोचवायची, ही सासूबाईंची शिस्त. सोललेली काकडी डाव्या हातात उभी धरायची आणि उजव्या हातातल्या सुरीनं तिच्या डोक्यावर बारीक बारीक उभे घाव घालत जायचं, काकडी फिरवत. टक टक टक टक. मग वरचा बोटाच्या पेरभर भाग आडवा कापला की कोचका ताटलीत झरझर पडतो. एकही तुकडा दुसऱ्यासारखा नसतो. किसलेली काकडी लगदा होते आणि फोडी केलेली काकडी मसाल्याला दाद देत नाही. चोचवलेली मात्र दाताखाली कुरकुरते आणि दाण्याच्या कुटाला धरूनही राहते. या कामाला चॉपर चालत नाही, लेकीनं आणलेला तर नाहीच. मी दोन्ही करून पाहिलंय.

तर काकडी चोचवली, कूट घातलं, हिरवी मिरची, लिंबू, साखर, वरून तुपाची जिरं-हिंगाची फोडणी. आणि मीठ. घात तिथेच झाला. साडेआठला घातलेलं मीठ!

पाहुणे अकराला यायचे होते, ते पावणेबाराला आले. तोवर काकडीनं काय ते उरकून घेतलं होतं. शंभर ग्रॅम काकडीत पंचाण्णव ग्रॅमच्या आसपास पाणीच असतं, आणि बाहेर मीठ आहे म्हटल्यावर ते पेशींमधून निघून त्याच्याकडे धाव घेतं. शाळेत आम्हाला पाण्यात बेदाणे फुगवून दाखवले होते, त्याचाच हा उलटा खेळ. काचेच्या वाडग्यात तळाशी दोन बोटं पाणी आणि त्यावर तरंगणारी कोशिंबीर. लेट्यूसची तर त्याहून वाईट दशा. त्यावरही मी लिंबू-तेल-मीठ आधीच घालून मोकळी झाले होते, त्यामुळे पानं पावसात भिजलेल्या पोस्टरासारखी एकमेकांना चिकटून बसली होती. गंमत म्हणजे ‘सॅलड’ हा शब्द लॅटिनमधल्या मिठावरूनच आलाय. खारवलेली भाजी, असा त्याचा मूळ अर्थ. म्हणजे मी शब्दाला जागले होते, पण ते काही पाहुण्यांना सांगता येईना.

लेकीनं घाईघाईनं ते पाणी सिंकमध्ये ओतलं. सासूबाईंनी ते बघितलं. तळाचं ते आंबट-गोड-तिखट पाणी या घरात पंचवीस वर्षं त्या पितायत, वाडगा तोंडाला लावून. दुपारपर्यंत त्या कुणाशी बोलल्या नाहीत.

मुलं बिचारी चांगली होती. सगळ्यांनी थोडं थोडं घेतलं, छान आहे म्हणाली, आणि एकानं हळूच विचारलं, “काकू, याच्याबरोबर काय आहे?”

त्या प्रश्नानं मला पुढचा आठवडाभर छळलं. याच्याबरोबर काय? खरंच की. कोशिंबीर कधी एकटी येत नाही. आपल्या ताटाला भूगोल आहे. वर मध्ये मीठ, त्याच्या डावीकडे लिंबाची फोड, मग चटणी, मग कोशिंबीर, उजवीकडे भाज्या, आमटी, मध्ये भात. माणसांत डावं-उजवं करू नये म्हणतात, पण ताट वाढताना ते करावंच लागतं. डावीकडचं सगळं चिमटीएवढं, चमच्याएवढं, आणि त्याच्याशिवाय उजवीकडचं सगळं मुकं. कोशिंबिरीची ती जागा शेकडो पंगतींमधून पक्की झालेली आहे. पण नाश्ता ताटात देतात कुठे? तो येतो बशीत. आणि बशीला डावी बाजू नसते. बशी म्हणजे नुसता मधला भाग. तिथे पोह्यांचा डोंगर घातला की संपलं. कच्च्या भाजीनं बसावं कुठे? फार तर कोथिंबीर होऊन माथ्यावर, नाहीतर लिंबाची फोड होऊन कडेला, घसरू की नको अशी.

मला वाटतं, आपल्या सकाळच्या खाण्यातून कच्चं हद्दपार झालं ते या बशीमुळे. कारण माझ्या आजीकडे तसं नव्हतं.

माझं माहेर कराडजवळचं. तिथे नाश्ता हा शब्द कुणी वापरत नसे, न्याहारी. माणसं उजाडायच्या आधी शेतात जायची आणि नऊ-साडेनऊला आजी फडक्यात भाकऱ्या बांधून बांधावर पोचायची. सोबत ठेचा, कधी झुणका, गाडग्यात ताक. आणि बाकीचं सॅलड, आता मी तसंच म्हणणार, शेतातच उभं असायचं. मुळा उपटायचा, पाटाच्या पाण्यात धुवायचा आणि पाल्यासकट खायचा. कांदा सुरीनं चिरलेला मी तिथे पाहिला नाही. तो दगडावर ठेवून बुक्कीनं फोडायचा. मधला कोंब पहिल्यांदा कुणाला मिळतो यावर आम्हा पोरांची मारामारी. थंडीत मेथीचा घोळाणा. कोवळी मेथी, कांदा, कूट, लाल तिखट, मीठ आणि वर कच्चं तेल, सगळं हातानं नुसतं घोळायचं, कुस्करायचं नाही. हे सगळं ऐन भाकरी मोडायच्या वेळी, त्यामुळे पाणी सुटायचा प्रश्नच नाही. आजीच्या घोळाण्याला पावणेबाराला येणारे पाहुणे नव्हते.

‘ब्रंच’ हा शब्द इंग्लंडमध्ये 1895 साली गाय बेरिंजर नावाच्या लेखकानं छापून आणला. शनिवारी रात्री जागरण करणाऱ्या माणसाला रविवारी लवकर उठायला लावू नये, दोन्ही जेवणं एकत्र करावीत, अशी त्याची कळकळ होती. आमच्या गावात नेमकं उलटं. लोक इतक्या लवकर उठायचे की दहाच्या आत भाकरी लागायचीच. घड्याळात दोघांचा काटा जवळपास त्याच जागी येतो, पोचायच्या वाटा मात्र अगदी वेगळ्या.

मागे एका टूरबरोबर तुर्कस्तानला गेलो होतो तेव्हाचं आठवलं. तिथे सकाळी टेबलावर काकडी, टोमॅटो, ऑलिव्ह, पांढरं चीज यांच्या ताटल्याच ताटल्या. सकाळच्या या खाण्याला ते म्हणतात काह्वाल्ती, म्हणजे कॉफीच्या आधीचं. आमच्या गटातली निम्मी मंडळी त्या काकड्यांच्या ढिगाला वळसा घालून टोस्टरच्या रांगेत उभी, उरलेल्यांनी पिशवीतून मेथीचे खाकरे काढलेले. मीही खाकरेवालीच. आता वाईट वाटतं.

तर महिन्याभरानं लेकीनं पुन्हा घाट घातला. (ती हार मानत नाही. हा गुण माझ्याकडून नाही.) या वेळी सासूबाई आपणहून बोलल्या, “सॅलड सॅलड काय लावलंयत? दडपे पोहे करा की.”

सासूबाई गुहागरकडच्या. हे पोहे त्यांनी असंख्य वेळा केलेत आणि मी असंख्य वेळा खाल्लेत, पण त्यात शिजवलेलं काहीच नाही हे माझ्या डोक्यात त्या दिवशी पहिल्यांदा उजेड पडल्यासारखं आलं. पोहे पातळच हवेत. जाड पोह्यांचं हे काम नाही. सासूबाईंनी आधी परातीत बारीक चिरलेला कांदा, मिरचीचे तुकडे, मीठ आणि साखर एकत्र घेतली आणि बोटांनी चुरायला सुरुवात केली. मिनिटभरात कांद्याला पाणी सुटलं. “सुटू दे,” त्या म्हणाल्या, माझ्याकडे न बघता. त्यावर चोचवलेली काकडी, मोठी वाटीभर ओलं खोबरं, दोन लिंबांचा रस. मग पोहे. भिजवायचे नाहीत. नारळ फोडताना जपून ठेवलेलं पाणी वरून शिंपडायचं, पोहे नुसते ओलसर होतील एवढंच. मग सगळं हलक्या हातानं कालवून वर ताटली, ताटलीवर पाण्यानं भरलेला तांब्या. अर्धा तास त्याच्याकडे बघायचं नाही.

म्हणजे बघा. जे पाणी सुटलं म्हणून मी रडत होते, ते सोडवून घेण्यावरच इथे सगळी मदार. कांदा, काकडी, खोबरं, लिंबू यांचा रस पोहे पितात आणि तेवढ्यावरच फुलतात. माझ्या कोशिंबिरीत चूक मिठाची नव्हती, पाणी प्यायला खाली कुणी नव्हतं, ही होती.

वाढायच्या आधी फोडणी: मोहरी, हिंग, हळद, कढीपत्ता, शेंगदाणे. ती निववून ओतायची. वरून पोह्याचं मिरगुंड तळून, हातानं चुरून. ते आधी घातलं तर मऊ पडतं, म्हणून ज्याच्या त्याच्या बशीत.

एका मुलीनं दोनदा घेतलं आणि म्हणाली, “काकू, हे म्यूस्लीसारखं आहे!” सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. ती काय शिवी आहे का, असा भाव. पण मुलगी बरोबर होती. झुरिकचे डॉक्टर बिर्खर-बेनर 1900 च्या सुमारास आपल्या रोग्यांना जी म्यूस्ली देत, तिच्यात डब्यातले कुरकुरीत तुकडे नव्हते. किसलेलं ताजं सफरचंद हाच तिचा मोठा भाग, जोडीला भिजवलेले थोडे ओट्स, लिंबाचा रस आणि कुटलेले दाणे. धान्य भिजवलेलं, बाकी कच्चं, वर लिंबू. मी हे सासूबाईंना समजावलं. “फोडणी नाही?” त्यांनी विचारलं. नाही म्हटलं. “मग रोगीच खाणार.”

काकडीची कोशिंबीर या खेपेला मी कोरडीच ठेवली होती. चोचवलेली काकडी फ्रिजमध्ये, कूट वेगळं, फोडणी वेगळी; मुलं टेबलाशी बसल्यावर मीठ घालून कालवली. शेवटच्या घासापर्यंत कुरकुरीत. आणि बशीत जागा नाही म्हणून प्रत्येकाला वाटी दिली, डाव्या हाताशी.

सगळे गेल्यावर सासूबाई टेबलापाशी आल्या. वाडगा उचलून तिरका केला. आत कुटाचे चार कण.

“पाणी नाही सुटलं?”

“नाही आई. अजिबात नाही.” मी जरा तोऱ्यातच सांगितलं.

त्या काही बोलल्या नाहीत. संथपणे ओट्याकडे गेल्या, पोळ्यांच्या डब्यामागे झाकून ठेवलेली एक वाटी बाहेर काढली. एका काकडीची कोशिंबीर, सकाळी आठलाच मीठ घातलेली. खुर्चीत बसल्या आणि वाटी तोंडाला लावली.