तुम्ही विचारलंत म्हणून: सातत्य कसं ठेवलं

"ताई, नोकरी, घर, मुलगा सगळं सांभाळून तुम्ही शिकलात, कारखान्यातल्या लाइनवरून परचेसपर्यंत, म्हणजे खरेदी खात्यापर्यंत गेलात. इतकी वर्षं सातत्य कसं ठेवलंत? मोटिव्हेशन कुठून आणता?"

हे मला कंपनीच्या बसमध्ये विचारतात, हळदीकुंकवाला विचारतात. नव्यानं लागलेल्या मुली जेवणाच्या सुट्टीत डबा घेऊन शेजारी येऊन बसतात आणि हेच विचारतात. आजवर "आवड होती हो" म्हणून मी विषय मिटवत आले. ते उत्तर खोटं नाही, पण त्यानं एका बाईवर अन्याय होतो. म्हणून या वेळी सविस्तर लिहिते.

मोटिव्हेशन मला नव्हतंच म्हटलं तरी चालेल. बी.कॉम.च्या पहिल्या वर्षी घसाऱ्याच्या, म्हणजे यंत्रांची किंमत दरवर्षी कमी धरायच्या नोंदी समजेनात तेव्हा पुस्तक नुसतं समोर ठेवून बसायचे. पहाटे उठायचे, कारण नाशिकच्या सिडकोत आमच्याकडे नळाला पाणी पहाटे यायचं आणि उठण्यावाचून गत्यंतर नव्हतं. पाणी भरून झालं की डब्याच्या पोळ्यांना लागेपर्यंतचा वेळ माझा. रात्रीचा अभ्यास मी लवकरच सोडून दिला. दिवसभर उभं राहून वायरिंगचं क्रिम्पिंग, म्हणजे वायरींच्या टोकांवर धातूची टोपणं दाबून बसवणं, केल्यावर अक्षरं डोळ्यांत शिरत नाहीत. रविवारी मुक्त विद्यापीठाचं संपर्क सत्र असायचं, तेव्हा मुलगा सासूबाईंकडे. त्या कुरकुरायच्या, पण एकाही रविवारी त्यांनी नाही म्हटलं नाही. आणि परीक्षेला मी रजा टाकायचे. ती भरपगारी मिळायची, कारण मी परमनंट होते.

हे शेवटचं वाक्य लोक ऐकत नाहीत. पहाटे उठण्याचं तेवढं लक्षात ठेवतात.

माझ्याबरोबर आमच्याच लाइनवरच्या एका मैत्रिणीनं फॉर्म भरला होता. ती चुंचाळ्याहून यायची. हिशेबात माझ्यापेक्षा कितीतरी तल्लख. तो घसारा मला अखेर तिनंच समजावून दिला. फरक एवढाच, की ती ठेकेदाराकडे होती. अंबडच्या, सातपूरच्या कारखान्यांत काम केलेल्यांना याचा अर्थ सांगायला नको, पण ज्यांनी केलेलं नाही त्यांच्यासाठी लिहिते. १९४८ च्या कारखाना कायद्यात वर्षात २४० दिवस काम केलेल्याला दर २० दिवसांमागे १ दिवस भरपगारी रजा होती. सलग नोकरी मोजतानाही औद्योगिक विवाद कायद्यात तोच २४० चा आकडा. म्हणून तो भरायच्या आधीच ठेकेदार 'ब्रेक' द्यायचा. काही दिवस घरी बसायचं, मग नव्यानं लागल्यासारखं यायचं. शिवाय तिची कामाची पाळी आठवड्याला बदले, माझी ठरलेली. तिला परीक्षेचा प्रत्येक पेपर म्हणजे एका दिवसाची मजुरी गेली.

'२१ दिवसांत सवय लागते' असे मेसेज मला रोज येतात. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांचा एक अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. ९६ जणांना १२ आठवडे पाहिलं, तर सवय अंगवळणी पडायला साधारण ६६ दिवस निघाले. माणसामाणसानुसार १८ पासून २५४ पर्यंत (१२ आठवड्यांपलीकडचे आकडे गणितानं काढलेला अंदाज). एखादा दिवस चुकला म्हणून फार बिघडत नाही, असंही दिसलं. हे वाचून मला खूप हायसं वाटलं होतं. पण त्या लोकांनी निवडलेल्या सवयी जेवणाबरोबर फळ खाण्यासारख्या होत्या, आणि त्या रोज एका ठरलेल्या खुणेला जोडलेल्या होत्या. माझी खूण होती नळाचं पाणी. जिची पाळी दर सोमवारी बदलते, तिनं खूण कुठली धरायची?

दुसऱ्या वर्षाच्या परीक्षेच्या तोंडावर तिला ब्रेक मिळाला. आम्ही दोघी खूश झालो, अभ्यासाला वेळ मिळेल म्हणून. पहिल्या पेपरच्या आदल्या संध्याकाळी ठेकेदाराचा फोन आला: उद्यापासून ये, नाहीतर दुसरी बघतो. ती कामावर गेली. मी परीक्षेला गेले.

त्या दिवसांत मला वाटायचं, थोडे दिवस काढता आले नसते का? एवढी जिद्द नको? तेव्हाच्या मला आज मी सांगते, तिच्या घरचं भाडं तुझ्या जिद्दीवर निघत नव्हतं. पण तेव्हाची मीही गप्प बसत नाही. ती म्हणते, ठेकेदाराकडचीच दुसरी एक बाई झालीच की ग्रॅज्युएट. हे खरं आहे. तिनं ते कसं निभावलं, मला पूर्ण कळलेलं नाही. तिचा नवरा शाळेत शिपाई होता, महिन्याला पगार यायचा, हे एक. पण तेवढ्यानंच झालं असं म्हटलं तर तिच्या कष्टांवर पाणी पडतं, आणि तेही मला पटत नाही.

पुढे मी परचेसला गेले आणि ८ मार्चला कँटीनमध्ये माझा सत्कार ठेवला. शाल, श्रीफळ, ट्रॉफी. एचआरचे साहेब निवेदन करत होते. ते म्हणाले, "एकाच लाइनवरच्या दोघींनी एकाच दिवशी फॉर्म भरला. एक आज स्टेजवर आहे, कारण तिनं सातत्य सोडलं नाही." नाव त्यांनी घेतलं नाही, घ्यायची गरजही नव्हती. माना वळल्या. ती मागच्या रांगेत बसली होती आणि टाळ्या वाजवत होती, सगळ्यांच्या बरोबरीनं.

मला माइक दिला. मी आभार मानायचे होते. मी म्हणाले, "मला भरपगारी रजा होती, तिला नव्हती. मला एक पाळी होती, तिला नव्हती. तिला ब्रेक देता आणि परीक्षेच्या दिवशी परत बोलावता, मग सातत्य तिनं सोडलं असं कसं म्हणता?" कँटीनमध्ये कुणी बोललं नाही. मग कुणीतरी टाळ्या सुरू केल्या आणि कार्यक्रम पुढे गेला.

मला वाटलं होतं ती जवळ येईल. ती आली ती बसच्या वेळेला, आणि तिचे ओठ थरथरत होते. "माझी गोष्ट चारचौघांत कशाला काढलीस? ठेकेदाराचा सुपरवायझर तिथेच उभा होता, दिसला नाही का तुला? तुझं काय, तू परमनंट आहेस."

मी म्हणाले, "ते तुला नापास म्हणत होते गं."

"म्हणू दे की. त्यानं माझा दिवस बुडत नव्हता."

पुढच्या ब्रेकनंतर तिला बोलावणं आलं नाही. त्याच सुमाराला ती लाइनही निम्मी झाली, आणखी काहीजणी गेल्या. मी बोलले म्हणून झालं की काम कमी झालं म्हणून, हे मला कुणी सांगितलं नाही. तिनं कधी दोष दिला नाही. आता ती एका किराणा दुकानाचा हिशेब बघते आणि भेटली की नीट बोलते, फक्त त्या दिवसाचा विषय निघाला की उठते. मी गप्प बसायला हवं होतं का? कधी वाटतं हो. पण शाल घेऊन, हसून, त्या वाक्याखाली उभं राहणं मला जमलं नसतं, आजही जमणार नाही.

म्हणून मोटिव्हेशन म्हटलं की मला राग येतो, आणि तो तुमच्यावर नसतो. माझे कष्ट काही नव्हते, असंही मी म्हणत नाही. पाणी सगळ्या गल्लीलाच पहाटे यायचं. पुस्तक मी उघडलं. ते श्रेय मी कुणाला देणार नाही. पण पाळी, रजा आणि सासूबाई यांतलं एक जरी निघालं असतं तर ते पुस्तक किती दिवस उघडलं असतं, हे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही.

तेव्हा नव्या मुलींनो, पुढच्या वेळी डबा घेऊन बसाल तेव्हा आधी मला तीन गोष्टी सांगा. पाळी बदलती आहे की ठरलेली? परीक्षेच्या दिवसांचा पगार मिळेल की कापला जाईल? रविवारी घरचं कोण बघेल? त्यावर बसून आपण वेळापत्रक करू. बदलत्या पाळीचं असेल तर दोन वेगवेगळी करू, आणि जिचे पैसे कापले जाणार असतील तिनं एका वेळी सगळे विषय न घेता थोडेच घ्यावेत का, तेही बघू. ठेकेदाराकडे असाल तर हे कँटीनमध्ये नको, माझ्या घरी या. रविवारी दुपारी मी असते.