झाकून ठेवलेले ताट

स्टीलच्या ताटावर दुसरे ताट उपडे घातले की आत कोंडलेली वाफ वरच्या ताटाला धरते, तिचे पाणी होते आणि ते थेंबाथेंबाने भाकरीच्या कडेवर उतरते. अर्ध्या तासात ती कड इतकी ओली होते की तुकडा मोडता येत नाही, ओढावा लागतो. अशी ओली कड मी जळगावच्या एका वसतिगृहात २००९ ते २०११ अशी दोन वर्षे खाल्ली आणि त्या दोन वर्षांतले रसायनशास्त्र बरेचसे विसरले असले, तरी ती कड मात्र जिभेवर अजून शाबूत आहे.

मी साक्री तालुक्यातल्या एका लहान गावातून एम.एस्सी. करण्यासाठी जळगावला आले. पुणे विद्यापीठापासून वेगळे होऊन १९९० मध्ये स्थापन झालेल्या आमच्या उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाला तेव्हा सगळे ‘उमवि’ म्हणत. बहिणाबाईंचे नाव त्याला २०१८ मध्ये मिळाले. जिला लिहिता-वाचता येत नव्हते, जिची गाणी मुलाने उतरवून घेतली म्हणून राहिली, त्या असोद्याच्या लेकीचे नाव पदवीच्या कागदावर असणे मला फार शोभून दिसते. माझ्या कागदावर ते नाही याची थोडी हळहळही वाटते. मला शिकायला पाठवताना आबांची एकच अट होती, ती म्हणजे मुलीने खोली भाड्याने घेऊन राहायचे नाही. विद्यापीठाच्या वसतिगृहात माझा नंबर लागला नाही. तेव्हा ओळखीतल्या कुणीतरी शहरातल्या एका विश्वस्त संस्थेचे मुलींचे वसतिगृह सुचवले आणि एका जुन्या दुमजली घरात, बेचाळीस मुलींमध्ये, माझी ट्रंक येऊन पडली.

तिथे कुणाला स्वतःचे नाव फारसे लागत नसे. मुलगी ज्या तालुक्यातून आली, तेच तिचे नाव. मी ‘साक्री’ झाले, समोरच्या खोलीत ‘पारोळा’ आणि ‘यावल’ होत्या, आणि माझ्या खोलीतली दुसरी मुलगी सातपुड्यातून, शहादा, शिरपूर, चोपडा करत दिवसभराच्या एस.टी.ने आली होती, म्हणून ती ‘धडगाव’. तिच्या घरी पावरी बोलत, माझ्या घरी अहिराणी. त्यामुळे पहिले काही आठवडे आम्ही दोघी एकमेकींशी पाठ्यपुस्तकातल्यासारखे शुद्ध मराठी बोललो, आणि दोघींनाही ते परक्याच्या घरी पाहुणे म्हणून बसल्यासारखे अवघड वाटत होते.

वसतिगृहाची सगळी ताटे देणगीतली होती. आपल्याकडे भांड्यावर नाव घातल्याशिवाय दान पुरे होत नाही, त्यामुळे प्रत्येक ताटाच्या काठावर टिंबाटिंबांनी कोरलेले काहीतरी असेच. कुठे कुणाच्या आजीच्या स्मरणार्थ, कुठे कुणाच्या मुंजीनिमित्त, तर एका ताटावर नुसतेच ‘सप्रेम भेट’. देणाऱ्याने बहुधा अक्षरांचे पैसे वाचवले असावेत. अनोळखी घरांतल्या दिवंगत माणसांच्या नावाने आम्ही रोज दोन वेळा जेवत होतो, आणि त्यात कुणाला वावगे वाटत नव्हते.

जेवण साडेसात ते साडेआठ. रसायनशास्त्राची प्रात्यक्षिके मात्र घड्याळाला जुमानत नाहीत. विद्यापीठ शहराबाहेर, महामार्गालगत, गिरणा नदीच्या बाजूच्या टेकडीवर आहे. तिथून निघून, मिळेल त्या वाहनाने शहरात पोचून, चौकातून चालत यायला मला पहिल्यांदा पावणेनऊ झाले. दिवस ऑगस्टचे होते. पावसाने ओढणी भिजलेली, पायांत चिखल. रेक्टरबाई दारात बसलेल्या होत्या. निवृत्त शिक्षिका असल्याने त्यांच्या नजरेत हजेरीपट असे. मी कारणे जुळवत उभी राहिले, तर त्यांनी माझ्या पायांकडे बघून फक्त एवढेच म्हटले, “आधी पाय धू.” स्वयंपाकघरात ओट्यावर एक ताट झाकलेले होते, त्याच्यावर वरवंटा ठेवलेला होता आणि वरवंट्याखाली चिठ्ठी होती: साक्री. मावशी कोपऱ्यात डाळ निवडत बसल्या होत्या. वर न बघताच त्या म्हणाल्या, “जेवी ले व माय.”

वरवंटा मांजरीसाठी होता, हे मला दुसऱ्या दिवशी कळले. त्या रात्री मला तो माझ्यासाठीच ठेवलेला वाटला होता.

तिथला नियम मी नंतर समजून घेतला, आणि आजही मला तो वसतिगृहांच्या नियमावल्यांमधला सर्वांत शहाणा नियम वाटतो. जी मुलगी ‘आज जेवणार नाही’ असे दुपारी चारच्या आत वहीत लिहील, तिचा स्वयंपाक नाही. जी काहीच लिहिणार नाही, ती कितीही उशीर झाला तरी येणारच आहे असे धरायचे आणि तिचे ताट झाकून ठेवायचे. म्हणजे न सांगता उशीर करणारीलाच जेवण. शिस्तीच्या दृष्टीने हे उफराटे आहे, हे मान्य. माझ्या मैत्रिणी ज्या दुसऱ्या एका वसतिगृहात राहत, तिथे आठला फाटक बंद होई आणि उशिरा आलेल्या मुलीला आधी लेखी खुलासा द्यावा लागे. खुलासा लिहून होईपर्यंत भूक मरते. रेक्टरबाईही बोलत, पण जेवण झाल्यावर. मग मात्र चांगले खणखणीत बोलत.

मुलांच्या वसतिगृहात जेवण-झोपेची अशी काळजी वाहण्याची परंपरा खान्देशाला नवी नाही. साने गुरुजी मूळचे कोकणातल्या पालगडचे, पण १९२४ मध्ये ते अमळनेरच्या शाळेत शिक्षक झाले आणि १९३० मध्ये नोकरी सोडून स्वातंत्र्यलढ्यात उतरेपर्यंत तिथले छात्रालयही त्यांच्याकडे होते. तिथल्या मुलांसाठी ते ‘छात्रालय दैनिक’ हाताने लिहून काढत. रोज! एका वसतिगृहाच्या मुलांपुरते रोजचे वर्तमानपत्र स्वहस्ते लिहिणाऱ्या माणसाला कोण जेवले आणि कोण रुसून निजले हे ठाऊक नसेल, अशी कल्पनाही करवत नाही. आमच्या मावशींना लिहिता येत नव्हते, चिठ्ठ्या पाळीवरच्या मुली लिहीत. पण बातम्या सगळ्या त्यांच्याकडे असत, आणि त्या त्यांना खरकट्या ताटांवरून कळत.

धडगावचे तसेच झाले. ती पोळी अर्धी ठेवायची. मुलींना वाटले, नखरे आहेत. मावशींनी तीन-चार दिवस पाहिले आणि पाचव्या दिवशी तिच्या ताटात न विचारता ज्वारीची भाकरी पडली. तिने ती सगळी खाल्ली. बस. यावर कुणी कुणाशी एक शब्द बोलले नाही. दिवाळीहून परतताना तिने घरच्या आमचुराची एक पिशवी आणली, उन्हाळ्यात कैरीच्या फोडी वाळवून केलेल्या खास तिकडच्या आमचुराची, आणि ती मावशींच्या हाती न देता ओट्यावर ठेवून खोलीत निघून आली. त्या आठवड्यात आमच्या वरणाला नेहमीपेक्षा निराळी चव होती.

किती ताटे लागणार यावरूनच तिथे सण कळत. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी खान्देशात घरोघरी कानबाई ही देवी बसते. त्या दिवशी धुळे-जळगावच्या मुली रोट खायला गावी पळत आणि पंगतीला सातपुड्याच्या मुली तेवढ्या उरत. होळीच्या आधी सातपुड्यात आदिवासींचे भोंगऱ्या बाजार भरू लागले की उलट होई. आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, तर परीक्षेच्या हंगामात येई, त्यामुळे झोके सगळे मनातच बांधलेले. वसतिगृह पूर्ण भरलेले असे ते डिसेंबर-जानेवारीत, आणि ते दिवस भरताचे. हिरवी, पांढरट झाक असलेली मोठी वांगी तुराट्यांवर भाजली जात, तो धूर जिन्यातून वर खोल्यांत येई, आणि समोर कोणतेही पुस्तक उघडे असले तरी पान उलटत नसे.

अशाच एका भरताच्या दिवशी माझ्या हातून ती चूक घडली. ती लिहायची म्हणूनच खरे तर हे सगळे लिहायला घेतले.

वाढण्याची पाळी त्या रात्री माझी होती. भिंतीवर खडूने रेघा मारायच्या, वहीत ‘जेवणार नाही’ लिहिणाऱ्या वजा करायच्या आणि जेवढ्या रेघा उरतील तेवढी ताटे झाकायची, असा हिशेब. त्या दिवशी एकोणचाळीस मुली जेवणार होत्या आणि पंगत उठली तेव्हा एकोणचाळीस ताटे मोरीत होती. हिशेब बरोबर. उरलेले भरत मी ‘यावल’ला आणि स्वतःला वाढून घेतले, कारण भरत उरते ही गोष्टच मुळात दुर्मीळ, ओटा पुसला आणि अभ्यासाला गेले. रेक्टरबाई गावी गेल्या होत्या. मावशी अंग दुखते म्हणून लवकर निजल्या होत्या.

धडगाव ‘कमवा आणि शिका’ योजनेत विद्यापीठातच काम करत असे. तिची शिष्यवृत्ती एका कार्यालयातून दुसऱ्या कार्यालयात फिरत होती आणि परीक्षा शुल्क भरायचे होते, म्हणून तिने त्या आठवड्यात जास्त तास घेतले होते. ती नऊ वाजून गेल्यावर आली. खोलीत दप्तर ठेवून खाली गेली, थोड्या वेळाने वर आली, तांब्याभर पाणी प्यायली आणि पांघरूण घेऊन झोपली. मी टेबलाशी बसले होते. मी तिला विचारले, “झाले जेवण?” ती “हो” म्हणाली. ओट्यावर ताट नव्हते, हे मला माहीत असायला हवे होते, कारण ओटा मीच पुसला होता.

सकाळी मावशींनी विचारले, “रातले धडगावनं ताट कोनी झाकं?” तेव्हा कुठे उलगडा झाला. ‘पारोळा’चे वडील मुलीला भेटायला आले होते आणि शेवटची गाडी चुकेल म्हणून पंगतीतच घाईने जेवून गेले होते. एकोणचाळिसावे ताट त्यांचे होते. मी खोलीत धावले, तर ती वेणी घालत होती. मी चाचरत काही बोलू लागले, तेव्हा ती म्हणाली, “मला वाटलं, मी वहीत लिहिलं असेल आणि विसरले.” ताट नाही म्हणजे चूक आपलीच, असे तिने मनाशी ठरवून टाकले होते. तिने रागावून चार शब्द ऐकवले असते, तर मी ते आतापर्यंत विसरले असते.

मावशी मला काही बोलल्या नाहीत, पण भिंतीवरच्या रेघा त्यांनी ओल्या फडक्याने पुसून टाकल्या. त्या दिवसापासून प्रत्येक मुलीला एक ठरलेले ताट मिळाले. जेवण झाले की जिने तिने आपले ताट घासून मोरीजवळच्या टोपलीत घालायचे. रात्री फळीवर जे ताट कोरडे उभे असेल, ती मुलगी यायची आहे. त्याच ताटात तिचे वाढायचे आणि पाहुण्यांना निराळी ताटे. मावशींना अक्षर वाचता येत नव्हते, तरी कोणते ताट कुणाचे हे त्या काठाच्या ठेच्यांवरून आणि पोचांवरून ओळखत. धडगावच्या वाट्याला एरंडोलच्या कुठल्याशा आजीच्या स्मरणार्थ दिलेले ताट आले. ती त्याला ‘माझी म्हातारी’ म्हणू लागली. “माझी म्हातारी आज कुणी घेतली?” असे ती स्वयंपाकघरात चक्क ओरडून विचारायची, तेव्हा हीच ती पोळी टाकणारी मुलगी, हे खरे वाटत नसे.

पुढे मी नोकरीला लागले आणि अशा गोष्टी बातम्यांत वाचू लागले. शासकीय वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या मुलांसाठी ‘स्वयम’ आणि ‘स्वाधार’ या योजना आल्या, जेवण-राहण्याचे पैसे थेट खात्यात येऊ लागले. धडगावसारख्या किती जणींना त्यामुळे शहरात टिकता आले असेल, म्हणून या योजनांबद्दल मी वाकडा शब्द काढणार नाही. पण २०१८ मध्ये आदिवासी विकास विभागाने शहरांतल्या वसतिगृहांच्या खानावळी बंद करून मुलांना जेवणाचे पैसे देण्याचे ठरवले आणि जुलैत मुले त्याविरुद्ध पुण्याहून नाशिककडे पायी निघाली, तेव्हा माझ्या ओळखीतले काही जण म्हणाले, “हातात रोख मिळते, तर यांना नको कशाला?” मला त्यांना वरवंट्याखालची चिठ्ठी दाखवायची होती. पैशाने जेवण कुठेही मिळते. तुम्ही अजून आला नाहीत, हे खानावळवाल्याला कसे कळणार?

गेल्या वर्षी जळगावला कामानिमित्त गेले, तेव्हा वसतिगृहात डोकावले. रेक्टर नव्या आहेत. मावशी मुलाकडे सुरतेला गेल्या, त्यालाही आता बरीच वर्षे झाली. दाराशी अंगठा लावण्याचे यंत्र आहे, पण फळी तीच आहे आणि तिच्यावर दुपारच्या वेळी ताटे ओळीने उभी होती. मुली वाढल्या, ताटे कमी पडतात, असे नव्या बाई सहज म्हणाल्या. मी तशीच भांडेबाजारात गेले आणि सहा ताटे घेतली. नाव घालणारा यंत्र पुढे ओढून म्हणाला, “ताई, काय टाकू? कुणाच्या स्मरणार्थ?” स्मरणार्थ टाकावे असे कुणी मला एकदम सुचेना, मावशी तर, देव करो, सुरतेत ठणठणीत असतील. मी धडगावला फोन लावला. ती आता अक्कलकुवा तालुक्यातल्या एका आश्रमशाळेत शिक्षिका आहे आणि तिकडे फोन लागला तर लागतो. लागला. तिने सगळे ऐकून घेतले, थोडी हसली आणि म्हणाली, “लिही, ‘उशिरा येणारीस’. आणि हो, भाकरी ओली होते, वरच्या ताटाखाली एक चमचा आडवा ठेवायला सांग त्यांना.”

मी मजकूर सांगितला. त्याने दोनदा विचारून खात्री करून घेतली, मान हलवली आणि यंत्र सुरू केले. सहाही ताटांवर त्याने ‘उशीरा’ असे दीर्घ शी काढून लिहिले. मी शिक्षिकेच्या सवयीने हात पुढे केला होता, तो मागे घेतला आणि पैसे देऊन ताटे रिक्षात ठेवली.