ढोलाला क्लिक लावू नका: खानापूरच्या रानातलं ब्लॅक मेटल

ब्लॅक मेटलमध्ये, म्हणजे किंचाळता गळा, फरफरती गिटार आणि सुसाट ड्रमच्या रॉकमध्ये, आपल्या मातीचं काही आणायचं म्हटलं, की बरेच बँड सुरुवातीला वीस सेकंद ढोल वाजवतात आणि गिटार सुरू झाली की ढोल गायब. ते नुसतं तोरण झालं. अमेरिकेत अ‍ॅडिरोंडॅक डोंगरातल्या ब्लॅकब्रेड या ब्लॅक मेटल प्रकल्पाचा पहिला अल्बम २०२२ साली आला. त्यातली बासरी, तिथलं रान आणि मूलनिवासी वारसा, सगळं तिकडचं. ते जरूर ऐकावं, पण उचलू नये. आपल्याकडे बेळगाव-खानापूर पट्ट्यात बिरदेवाचे गजढोल आहेत, सौंदत्तीच्या यल्लम्माचं तारेचं चौंडकं आहे, वारुळाच्या रूपात पुजली जाणारी सातेरी आहे. या वाद्यांच्या कलाने मेटल बांधायचं. वाद्यांना मेटलच्या मापात कोंबलं की दोन्ही बिघडतात.

सगळ्यात जास्त घोळ तालात होतो. गजढोल संथ सुरू होतो आणि चढत जातो, त्याचा जीव त्या चढण्यातच असतो. ढोलवाल्यांच्या कानात क्लिक, म्हणजे एकसारख्या लयीची टिकटिक, दिला की तो चढ मेला. म्हणून आधी ढोल आणि कैताळ (मोठ्या झांजा) सलग, क्लिकशिवाय रेकॉर्ड करा. मग रीपर या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक आवर्तनाच्या समेवर टेम्पो मार्कर (लयीची खूण) टाका आणि ड्रम व गिटार त्या नकाशावर वाजवा. ढोल मिनिटाला १०० मात्रांवर असेल तर ब्लास्ट, म्हणजे ड्रमची सुसाट एकसलग लय, २०० ला बसतो आणि गिटारचा ट्रेमोलो (एकच सूर भरभर छेडणं) सेकंदाला साधारण १३ फटक्यांवर जातो. ढोल १२५ ला पोचला की ब्लास्ट २५० मागतो. तिथे ड्रमरचे हात आखडतात, फटके असमान पडतात. अशा वेळी ड्रम सरळ निम्म्यावर आणा आणि पुढचा चढ ढोलालाच चढू द्या. आमच्या मते गाण्याचा कळस तिथेच आहे.

ढोलाच्या दोन्ही तोंडांना एकेक डायनॅमिक माइक लावा, फूटभर अंतरावर. एका बाजूला टिपरू (ढोलाची काठी) पडलं की ते कातडं आत जातं आणि दुसरं बाहेर येतं. त्यामुळे दोन्ही ट्रॅक तसेच मिसळले तर खालचा घुमारा एकमेकांना खातो आणि ढोल पत्र्यासारखा वाजतो. एका ट्रॅकची पोलॅरिटी (ध्वनिलहरीची वर-खाली दिशा) उलटी करा, घुमारा परत येतो. ६० ते १०० हर्ट्झची जागा ढोलाला द्या, बास ड्रम तिथे कापा आणि त्याची टकटक ३ ते ४ किलोहर्ट्झला ठेवा.

जांबोटी-कणकुंबीच्या पावसाळ्यात कातडं टिकत नाही, दमट हवेत सैल पडतं. हलगी प्रत्येक टेकच्या (रेकॉर्डिंगच्या एका फेरीच्या) आधी शेकावी लागते आणि गार होईल तसा तिचा सूर उतरतो. म्हणून टेकच्या सुरुवातीला एक सुटा फटका घेऊन ठेवा, नंतर जोडताना टेक जुळतात की नाही ते लगेच कळतं. जास्त शेकली तर तडकते. जानेवारी-फेब्रुवारी उत्तम.

चौंडकं वाजवणारा तार आपल्या गळ्याला लावतो. त्याला 'डी'वर आणा म्हणू नका. ट्यूनरवर सूर मोजा आणि गिटार तिथे उतरवा, दोन सुरांच्या मधे कुठे ४० सेंटवर (सेंट म्हणजे अर्ध्या सुराचा शंभरावा भाग) असला तरी. उतरवलेली बारीक तार ट्रेमोलोत खडखडते, तेव्हा ११ ते ५६ जाडीच्या तारांचा सेट घाला.

देवराईत रेकॉर्डिंग करायचं तर आधी गावच्या मानकऱ्यांना आणि पुजाऱ्याला विचारा. चपला बाहेर ठेवा, वाळकी काटकीसुद्धा उचलू नका. भीमगड अभयारण्यात वनखात्याची परवानगी लागते. कुणाच्या अंगात आलेलं असताना माइक बंद ठेवा, तो आवाज गाण्यासाठी नाही. ढोलवाल्यांना स्टुडिओतल्या वादकाइतकंच मानधन द्या आणि अल्बमवर त्यांची नावं त्यांना विचारून घाला.

रानाचा आवाज २४ बिटवर घ्या, आवाजाचं शिखर उणे १२ डेसिबलच्या वर जाऊ देऊ नका. वाऱ्यासाठी माइकवर केसाळ कव्हर हवं, नुसता फोम पुरत नाही. पानांवरचा पाऊस ड्रमच्या झांजांना झाकून टाकतो, म्हणून तो ब्लास्टखाली ठेवू नका. वळवाच्या आधीचे किडे गिटारच्या फरफरीत मिसळून जातात. ते हवेच असतील तर गिटार ७ किलोहर्ट्झच्या वर कापा.