आठ किलोमीटर कुठून आले?

माझ्या भाच्याने मागच्या वर्षी पुण्याहून एक वापरलेली ऑडी टीटी आणली. दोन दारे, दोन लिटरचे टर्बो पेट्रोल इंजिन, २३० अश्वशक्ती आणि मागे नावापुरती सीट. त्या सीटवर बसायचे तर पाय घरी ठेवून यावे लागतील, असे आमच्या ताईने पहिल्याच दिवशी जाहीर केले. गाडी देखणी आहे, याबद्दल वाद नाही. वाद झाला तो ॲव्हरेजवरून. चार महिन्यांत त्याने गाडीला हाय-फ्लो एअर फिल्टर, फ्री-फ्लो सायलेन्सर आणि नवे टायर बसवले, आणि या सगळ्यामुळे ॲव्हरेज वाढले, असे तो घरी येणाऱ्या प्रत्येकाला सांगू लागला.

मी टॉवेलच्या कारखान्यात हिशेब पाहतो. टेरी टॉवेलच्या वजनात दोन टक्क्यांचा फरक आला, तर आम्ही आधी काटा तपासतो आणि मगच विणकराला बोलावतो. त्या सवयीने मी त्याची पेट्रोलची वही मागितली. मुलाने वही मात्र चोख ठेवली होती, ही जमेची बाजू. जुळे सोलापुरातील घरापासून पुण्यातील त्याच्या खोलीपर्यंत आणि परत, निघताना टाकी फुल, आल्यावर त्याच पंपावर टाकी पुन्हा फुल, अशा दोन फेऱ्यांची नोंद तीत होती. बदलांपूर्वीची फेरी ५०५ किलोमीटर आणि ३८.५ लिटर, म्हणजे लिटरला १३.१. बदलांनंतरची फेरी ५१३ किलोमीटर आणि ३८.२ लिटर, म्हणजे १३.४. "मामा, लिटरमागे तीनशे मीटर वाढले," असे तो म्हणाला. माझे लक्ष मात्र वेगळ्याच आकड्यावर होते. घर तेच, खोली तीच, रस्ताही तोच. मग दुसऱ्या फेरीत तो रस्ता आठ किलोमीटरने लांबला कसा?

त्या आठ किलोमीटरकडे वळण्यापूर्वी फिल्टरबद्दल सांगतो, कारण ॲव्हरेजच्या नावाखाली सर्वांत जास्त खपणारी वस्तू तीच आहे. "गाडीला मोकळा श्वास मिळाला की ती कमी पिते" हे वाक्य आपण कार्ब्युरेटरच्या काळापासून ऐकत आलो आहोत, आणि त्या काळात त्यात तथ्य होते, कारण फिल्टर तुंबला की हवा कमी पडे, मिश्रण गडद होई, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल जास्त होई, आणि धुरासोबत पेट्रोल वाया जाई. आजच्या इंजिनात आत जाणारी हवा सेन्सर मोजतो, एक्झॉस्टमधील ऑक्सिजन दुसरा सेन्सर मोजतो, आणि संगणक त्या हवेला लागेल तेवढेच पेट्रोल सोडतो. अमेरिकेतील ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेने २००९ मध्ये हेच तपासले, तेव्हा आधुनिक फ्युएल इंजेक्शनच्या गाड्यांत तुंबलेल्या फिल्टरमुळेसुद्धा ॲव्हरेजवर लक्षात येण्याजोगा परिणाम झाला नाही. मंदावला तो फक्त पिकअप. तुंबलेला फिल्टर बदलूनही ॲव्हरेज वाढत नसेल, तर चांगल्या फिल्टरच्या जागी अधिक मोकळा फिल्टर बसवून ते कुठून वाढणार? शिवाय ताशी नव्वदने एकसारख्या चालणाऱ्या पेट्रोल गाडीत हवेची खरी अडवणूक फिल्टर करत नाही, थ्रॉटलची अर्धवट मिटलेली झडप करते, आणि ती आपल्याच पायाने मिटलेली असते. फिल्टर जेवढी वाट मोकळी करतो, तेवढी ती झडप पुन्हा अडवते. पूर्ण दाबलेल्या ॲक्सिलरेटरवर थोडी ताकद वाढत असेलही, परंतु ती ताकद वापरणारा माणूस पेट्रोल वाचवायला निघालेला नसतो.

सायलेन्सरची गोष्ट याहून वेगळी नाही. इंजिन वरच्या फेऱ्यांवर फिरत असताना मोकळ्या एक्झॉस्टचा उपयोग होतो आणि महामार्गावरील शांत चालीत तो जवळपास शून्य असतो; वाढतो तो आवाज. त्यात मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ उत्पादकाने ठरवलेल्या तपशिलांशी विसंगत बदल करू देत नाही, आणि २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२अ नुसार अशा प्रत्येक बदलासाठी पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात. वाचलेल्या पेट्रोलच्या हिशेबात पाच हजारांची ही नोंद कोणत्या बाजूला लिहायची, हे मी भाच्याला विचारले. सोलापूरच्या सात रस्ता चौकात पोलीस दिसला की तो ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलतो, त्यामुळे काही थेंब वाचत असतील तर ते त्याच्या नावावर जमा करायला माझी हरकत नाही.

आता ते आठ किलोमीटर. गाडीचे मूळ टायर २४५/४० आर १८ मापाचे होते. यातील पहिला आकडा टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये सांगतो, दुसरा टायरच्या बाजूची उंची रुंदीच्या किती टक्के आहे ते सांगतो आणि शेवटचा रिमचा व्यास इंचांत. भाच्याला त्या मापाचा पूर्ण सेट लगेच मिळाला नाही, म्हणून दुकानदाराने सुचवलेले २२५/४० आर १८ त्याने बसवून घेतले. रिम तीच राहिली आणि टायर थोडा अरुंद दिसत होता, एवढेच सगळ्यांच्या लक्षात आले. मी कागदावर गुणाकार केला. मूळ टायरचा व्यास ६५३ मिलिमीटर येतो, नव्याचा ६३७. चाकाच्या एका फेरीत मूळ टायर २ मीटर ५ सेंटिमीटर पुढे जातो आणि नवा २ मीटर. गाडीला रस्ता दिसत नाही. ती चाकाच्या फेऱ्या मोजते आणि कारखान्यात शिकवलेल्या मापाने त्यांना गुणते. चाक लहान झाले की तेवढ्याच अंतरात फेऱ्या जास्त होतात आणि मीटर अडीच टक्के फुगवून आकडा दाखवतो.

कागदावर पटलेली गोष्ट रस्त्यावर पटेलच असे नाही, म्हणून एका रविवारी सकाळी आम्ही दोघे पुणे महामार्गावर निघालो. मोहोळ मागे टाकल्यावर पहिल्या किलोमीटरच्या दगडापाशी त्याने ट्रिप मीटर शून्यावर आणला, मी वही मांडीवर घेतली आणि टेंभुर्णीच्या दिशेने दगड मोजत गेलो. दोन दगड बाभळींच्या मागे दडलेले होते आणि एकावर कोणीतरी निवडणुकीचे पोस्टर चिकटवले होते, पण आकडे क्रमाने येत असल्यामुळे अडचण आली नाही. तिथून पुढच्या दहाव्या दगडाला मीटर १०.२ दाखवत होता, विसाव्याला २०.५ आणि चाळिसाव्याला बरोबर ४१.०. भाच्याने गाडी कडेला घेतली आणि बराच वेळ त्या आकड्याकडे पाहत राहिला.

"पण मामा, पाचशेला अडीच टक्के म्हणजे साडेबारा किलोमीटर व्हायला हवेत, वहीत तर आठच वाढलेत," हा त्याचा पुढचा प्रश्न रास्त होता. त्याचे उत्तर जुन्या टायरांच्या झिजेत आहे. टायरची नक्षी तीन मिलिमीटर झिजली की व्यास सहा मिलिमीटरने कमी होतो, म्हणजे जुन्या टायरांवरही मीटर सुमारे एक टक्का पुढे पळत होता. ती झीज धरून दोन्ही फेऱ्यांचे अंतर काढले, तर दोन्ही वेळा ५०० किलोमीटरच येतात आणि ताळा जमतो. अंतर तेच असेल, तर तुलना फक्त लिटरची उरते: ३८.५ आणि ३८.२. तीनशे मिलिलिटरचा हा फरक पंपावर नोझल पहिल्यांदा 'टक' करून थांबण्यात आणि पोराने "सर, राउंड फिगर करू?" म्हणून आणखी थोडे ओतण्यात सहज निघून जातो. दुसरीही एक गंमत आहे. मीटर पुढे पळतो तसा स्पीडोमीटरही पुढे पळतो, म्हणून काटा नव्वदवर धरला तरी गाडी प्रत्यक्षात अठ्ठ्याऐंशीच्या आसपास चालत असते, आणि त्या तीनशे मिलिलिटरचा खुलासा एवढ्यानेही होऊ शकतो.

हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणून ताशी ८० ऐवजी १०० ने गेल्यास प्रत्येक किलोमीटरला हवेविरुद्ध ५६ टक्के जास्त काम करावे लागते. गाडीच्या मागे लावायच्या उंच पंखाबद्दल भाचा आता चौकशी करतो आहे, आणि टीटीच्या बाबतीत त्या पंखाला इतिहास आहे. पहिल्या पिढीच्या टीटीचे जर्मनीतील महामार्गांवर अतिवेगात अपघात झाल्यानंतर ऑडीने त्या गाड्या परत बोलावून त्यांना मागे छोटा स्पॉयलर बसवून दिला होता. तो मागची चाके रस्त्याला धरून ठेवण्यासाठी होता, पेट्रोल वाचवण्यासाठी नव्हता. भाच्याच्या गाडीत तो मागच्या झाकणातच बसवलेला आहे आणि ताशी १२० ला आपोआप वर येतो. आणखी पंख लावला तर हवेला अडायला आणखी एक फळी मिळेल.

संगणकाचे रीमॅपिंग करून देतो म्हणणाऱ्यानेही ॲव्हरेजचे आश्वासन दिले आहे. पेट्रोल इंजिन शांत चालीत हवा आणि पेट्रोल यांचे ठरावीक प्रमाण मूळच्या प्रोग्रॅममध्येही राखतच असते. रीमॅप प्रामुख्याने टर्बोचा दाब आणि ठिणगीची वेळ बदलून जोर वाढवतो. पैसे जोरासाठी मोजावेत, ते मला समजते. फक्त नंतर डॅशबोर्डवरच्या ॲव्हरेजच्या आकड्याचा पुरावा मला देऊ नये, कारण तो आकडा त्याच संगणकाचा स्वतःच्या कामाबद्दलचा अंदाज असतो.

ज्या बदलाने ॲव्हरेजला खरोखर फटका बसला, तो गॅरेजमध्ये झालेलाच नाही. पंपावरच्या पेट्रोलमध्ये आता २० टक्के इथेनॉल असते (यालाच ई-२० म्हणतात), आणि एक लिटर इथेनॉलमधील ऊर्जा पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांशाने कमी असते. ई-२० साठी न बनवलेल्या चारचाकींचे ॲव्हरेज ६ ते ७ टक्क्यांनी घटेल, असा अंदाज नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यातच दिलेला आहे. ऊस आपल्याच जिल्ह्यात पिकतो आणि इथल्या साखर कारखान्यांच्या आसवन्यांतूनच इथेनॉल निघते, त्यामुळे सोलापूरकराने याबद्दल फार तक्रार करणेही शोभत नाही. मात्र हे सहा-सात टक्के एका बाजूला आणि ते तीनशे मिलिलिटर दुसऱ्या बाजूला ठेवले, म्हणजे आपण वाद कशावर घालत होतो ते दिसते.

उन्हाचाही हात यात असतो. मे महिन्यात पारा ४२ वर गेला की हवा विरळ होते आणि पंधरा अंशांच्या थंड पहाटेच्या तुलनेत तिचा विरोध आठ-नऊ टक्क्यांनी कमी भरतो. जुलैत पुण्याकडे जाताना पश्चिमेचा वारा तोंडावर येतो आणि परतताना तोच पाठीशी असतो. थंडीत मोजलेली जुनी फेरी आणि उन्हाळ्यात मोजलेली नवी फेरी शेजारी ठेवून फिल्टरला श्रेय देणारे माझ्या माहितीत चार जण आहेत, आणि ती तुलना बिनचूक आहे असे चौघांनाही वाटते.

भाच्याने मूळ सायलेन्सर माळ्यावरून काढून पुन्हा बसवला, तो कायद्याला भिऊन नव्हे, तर रात्री अकरा वाजता गाडी आली की शेजारच्या आजी दार उघडून उभ्या राहत म्हणून. फिल्टर त्याने ठेवला आहे. टायर झिजेपर्यंत वापरणार आहे, मात्र वहीत त्याने किलोमीटरच्या रकान्याशेजारी आणखी एक रकाना आखला आहे, त्याच्यावर "भागिले १.०२५" असे लिहिले आहे, आणि मागच्या फेरीच्या १३.४ वर रेघ मारून खाली १३.१ लिहिले आहे.