आखाजीचा झोका आणि आवाजाने उजळणारा निंब

भुसावळ-सुरत लाइनवर जळगाव, धरणगाव मागे पडलं की अमळनेर. वैशाखातल्या दुपारी फलाटावर पाय ठेवताच झळा अंगावर येतात. तिथून आम्ही बोरी नदीकाठच्या एका गावात गेलो. निंबाला आखाजीचा, म्हणजे खान्देशातल्या अक्षय्य तृतीयेच्या सणाचा झोका टांगलेला होता. माहेरी आलेल्या लेकी त्यावर गौराईची गाणी म्हणतात आणि सासरचं मनात साठलेलं त्यातच बाहेर काढतात. मन मोकळं करायची रीत इथे आधीपासून आहे, गाण्याच्या आवाजावर उजळणारे दिवे निंबावर लावून तिला फक्त साथ द्यायची.

सामान थोडंच लागतं: ईएसपी३२ बोर्ड (प्रोग्राम घालता येणारा छोटा संगणक), आयएनएमपी४४१ हा छोटा डिजिटल माइक आणि डब्ल्यूएस२८१२बी या रंगीत एलईडी दिव्यांची ५ मीटर पट्टी. मीटरला ६० म्हणजे ३०० दिवे. सगळे पूर्ण पांढरे पेटले तर ५ व्होल्टला सुमारे १८ अँपिअर ओढतात. आम्ही प्रोग्राममध्येच उजेड एक-तृतीयांशावर बांधला आणि १० अँपिअरचा सप्लाय घेतला. तो बंद पत्र्याच्या डब्यात ठेवू नका, खान्देशच्या उन्हात लगेच तापतो. वीज पट्टीच्या दोन्ही टोकांना द्या. एकाच टोकाला दिली, तर दुसऱ्या टोकापर्यंत व्होल्टेज घसरतं, निळा रंग आधी मरतो आणि पांढरा उजेड तांबूस होतो. बोर्डाकडून पट्टीला हुकूम नेणाऱ्या डेटाच्या तारेत ३३० ओहमचा रेझिस्टर, सप्लायवर १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर आणि सगळ्यांचं ग्राउंड (वजा टोक) एकत्र. हे शेवटचं विसरलं की दिवे वेड्यासारखे लुकलुकतात.

पट्टी झोक्याच्या दोरावर बांधायचा मोह होतो. बांधू नका, हेलकाव्याने डागकामाचे जोड तुटतात. खोडावर आणि वरच्या फांदीवर गुंडाळा.

खरं काम उजेडाच्या चढ-उतारात आहे. आधी ३० सेकंद नुसता आसपासचा आवाज मोजा, आणि त्याच्या ६ डेसिबल वर गेल्यावरच दिवा पेटू द्या. वारा माइकला बडवतो, म्हणून वर स्पंज चढवा आणि १०० हर्ट्झखालचा घुमणारा आवाज प्रोग्राममध्ये गाळा. उजेड ५० मिलिसेकंदांत चढावा, विझायला मात्र ४ सेकंद घ्यावेत. ४ मीटर दोराच्या झोक्याचा एक पूर्ण हेलकावाही साधारण ४ सेकंदांचाच, म्हणून गाणं, झोका आणि उजेड एका लयीत येतात. उजेड झटकन विझवला तर डीजेसारखी लखलख होते, मग बाया गाणं सोडून दिव्यांशीच खेळत बसतात. सेकंदाला ३ पेक्षा जास्त लखलखाट तर कधीच नको. अशा प्रकाशाने फिटचा झटका येणारी माणसं असतात, त्यामुळे आधी विचारून घ्यावं.

झोक्यावर बसण्याआधी प्रत्येकीला सांगावं लागतं की माइक फक्त आवाजाची पातळी मोजतो, शब्द कुठेही साठत नाहीत. प्रोग्रामही तसाच लिहा. सासूचं नाव गाण्यात घ्यायचं तर एवढी खात्री हवीच.

तंबोऱ्यासारखा मंद सूर लावायचा असेल तर स्पीकरची पाठ माइककडे ठेवा, नाहीतर शिट्टी वाजते. रात्री १० नंतर उघड्यावर लाउडस्पीकरला बंदी, तेव्हा स्पीकर काढून घ्या. दिवे राहू द्या, त्यांना गळा पुरतो.