तुम्ही विचारलंत म्हणून : टूलरूममधल्या माणसाला उडणारी माणसे कशी चालतात?

गेली बरीच वर्षे एक प्रश्न मला जवळजवळ त्याच शब्दांत विचारला जातो. लग्नकार्यात पंगतीला शेजारी बसलेले नातेवाईक विचारतात, भोसरीच्या कारखान्यातले जुने सहकारी विचारतात आणि पुण्याच्या तळजाई टेकडीवर सकाळी भेटणारी मंडळी तर हमखास विचारतात : "अहो, सारी हयात टूलरूममध्ये साचे आणि अवजारे घडवण्यात काढलीत, पाच मायक्रॉनचा, म्हणजे केसाहूनही बारीक, फरक पडला तरी नग परत पाठवणारे तुम्ही, आणि पँटवरून चड्डी घालून उडणारी माणसे, घड्याळातून किरण सोडणारे हेर आणि कृष्णविवरात शिरणारी याने तुम्हाला बघवतात तरी कशी?" प्रश्नात थोडी थट्टा असते आणि थोडी काळजीही असते, कारण साठी ओलांडल्यावरही मी असल्या चित्रपटांना पहिल्याच आठवड्यात जातो आणि सोबतीला कोणी नसले तरी जातो. आजवर हसून विषय बदलत आलो. तुम्ही पुन्हा विचारलेत, म्हणून आता नीट उत्तर देतो.

टूलरूममध्ये वर्षे काढली म्हणूनच मला हे चित्रपट आवडतात. एरवी आपल्या पडद्यावर नायक इंजिनिअर असतो तो बहुधा नायिकेच्या वडिलांना पसंत पडावा एवढ्याचसाठी. त्याच्या काखेत नकाशाची गुंडाळी असते, डोक्यावर पिवळे हेल्मेट असते आणि हा गृहस्थ नेमके काय बनवतो, हे तीन तासांत एकालाही विचारावेसे वाटत नाही. वस्तू घडवण्याचे काम, म्हणजे आधी कल्पना, मग रेखाटन, पहिला नग, फसलेली ट्रायल, दुरुस्ती आणि पुन्हा ट्रायल, हे सारे कथेचा भाग होऊन दिसते ते मुख्यतः सुपरहिरोंच्या, हेरांच्या आणि विज्ञानाच्या चित्रपटांत. शेवटच्या मारामारीशी माझे फारसे देणेघेणे नसते. तेवढ्या वेळात मी कॉफी घेऊन आलो तरी चालते.

2008 च्या 'आयर्न मॅन'चेच घ्या. टोनी स्टार्क हा शस्त्रांचा कारखानदार अफगाणिस्तानातल्या एका गुहेत कैद आहे आणि सोबत यिन्सेन नावाचा दुसरा कैदी आहे. दोघे मिळून क्षेपणास्त्रे उघडून त्यांतला पॅलेडियम हा धातू काढतात, तो वितळवतात आणि साच्यात ओतून त्याचे कडे बनवतात. धातू मोजकाच असल्यामुळे ओतकाम एकदाच करता येणार असते, आणि त्या वेळी यिन्सेनचा हात जराही हलत नाही. ज्याने कधी फाउंड्रीत उभे राहून ओतकाम पाहिले आहे, त्याला या प्रसंगात खलनायकाची गरज भासत नाही. पुढे घरच्या वर्कशॉपमध्ये स्टार्क बुटांची ट्रायल घेतो. सुरुवात म्हणून तो दहा टक्के शक्ती लावतो आणि छताला जाऊन आपटतो. नंतरच्या ट्रायलला तो एक-दोन टक्क्यांवर येतो. हे दृश्य लोक विनोद म्हणून पाहतात. पण नवी डाय, म्हणजे पत्र्याला आकार देणारा साचा, प्रेसवर चढवून पहिल्याच ठोक्याला पूर्ण टनेज, म्हणजे पूर्ण दाब, लावणारे उत्साही तरुण मी पाहिले आहेत, आणि त्या दृश्यात मला तेच दिसतात.

याहून मोठी गंमत पुढे आहे. पहिल्या उड्डाणात फार उंच गेल्यावर त्याच्या अंगावरच्या उडत्या चिलखतावर, म्हणजे सूटवर, बर्फ साचते, यंत्रणा बंद पडते आणि स्टार्क दगडासारखा खाली येतो. हा दोष नोंदवून तो पुढच्या सूटसाठी सोने आणि टायटॅनियम यांचा मिश्रधातू वापरतो. शेवटी त्याचा शत्रू कितीतरी मोठा आणि बलवान सूट घालून त्याच्यामागे आकाशात झेपावतो, तेव्हा बर्फाचा प्रश्न त्याने सोडवलेलाच नसतो. आकाशातली ती झुंज शत्रू हरतो ती ट्रायल न घेतल्यामुळे. क्वालिटी विभागाची इतकी बाजू घेणारी कथा मी अन्यत्र पाहिलेली नाही.

2005 च्या 'बॅटमॅन बिगिन्स'मधले माझे आवडते दृश्य तर कोणाच्या लक्षातही राहत नाही. ब्रूस वेनला मुखवटा हवा आहे, पण एकच मुखवटा मागवला तर संशय येणार. म्हणून तो आणि त्याचा जुना सेवक आल्फ्रेड असे ठरवतात की मुख्य भाग सिंगापूरहून बनावट कंपनीच्या नावाने मागवायचा, उरलेले भाग चिनी कंपनीकडून वेगळे मागवायचे, जुळणी घरी करायची आणि ऑर्डर दहा हजार नगांची द्यायची. लॉट येतो, आल्फ्रेड एका मुखवट्यावर दणका घालतो आणि मुखवटा तडकतो, कारण ग्राफाइटमध्ये दोष असतो. तेव्हा पुढचे दहा हजार बरोबर येतील, असे तो शांतपणे सांगतो. गोथम शहर वाचवायला निघालेला मनुष्य व्हेंडरच्या रिजेक्शनमध्ये अडकलेला आहे, हे पाहून मी चित्रपटगृहात इतक्या मोठ्याने हसलो की पुढच्या रांगेतल्या बाई वळून पाहू लागल्या. अब्जाधीश असला तरी किमान ऑर्डरची अट आणि खराब लॉट यांतून त्याची सुटका नाही, एवढे ज्या लेखकाला कळते, त्याने नंतर माणसाला छपरावरून छपरावर उडवले तरी माझी हरकत नसते.

हेरपटांचे माझे वेड जुने आहे, टिळक चौकातल्या अलका टॉकीजला इंग्रजी चित्रपट लागत तेव्हापासूनचे. जेम्स बाँडला साधने देणारा तो कुरकुऱ्या क्यू मला बाँडपेक्षा जवळचा वाटत आला आहे. त्याची जन्मकथाही फार छान आहे. जेफ्री बूथरॉयड नावाच्या ग्लासगोकडच्या एका बंदूकप्रेमी वाचकाने बाँडकथांचा लेखक इयान फ्लेमिंग याला पत्र लिहून कळवले की बाँडच्या हातातले ते छोटे बेरेटा पिस्तूल असल्या कामाला अगदीच नाजूक आहे. फ्लेमिंगने ते मानले, बाँडला वॉल्थर पीपीके हे पिस्तूल दिले आणि ते देणाऱ्या शस्त्रतज्ज्ञालाच मेजर बूथरॉयड हे नाव देऊन टाकले. चुका काढणाऱ्या वाचकाला याहून मोठा मान मिळाल्याचे मला ठाऊक नाही. पडद्यावर 1963 पासून 1999 पर्यंत डेस्मंड ल्युवेलिन यांनी ही भूमिका केली आणि दिलेली वस्तू धड परत येत नाही ही तक्रार त्यांनी अखेरपर्यंत चालू ठेवली, जी कोणत्याही स्टोअरकीपरला आपलीच वाटेल.

मात्र साधनाला मर्यादा हवी, नाहीतर माझे मन उडते. 2002 च्या बाँडपटात अख्खी मोटार अदृश्य होते. तिथे मी त्यांच्याशी अबोला धरला. 2012 च्या 'स्कायफॉल'मध्ये तरुण क्यू फक्त एक पिस्तूल आणि एक छोटा रेडिओ देतो, आणि स्फोट होणारी पेने आम्ही आता बनवत नाही असे सुनावतो, तेव्हा समेट झाला. याच कारणासाठी 1996 च्या 'मिशन : इम्पॉसिबल'मधली ती संगणकाची खोली मला अजून पाहावीशी वाटते. आवाज वाढला, तापमान वाढले किंवा जमिनीवर भार पडला तर धोक्याची घंटा वाजणार, एवढ्या तीन अटी प्रेक्षकाला आधी सांगितल्या जातात आणि मग एक माणूस दोरावरून खाली सोडला जातो. ड्रॉइंगवरचे टॉलरन्स, म्हणजे चालेल एवढा फरक, आधी वाचून घेतले की घामाच्या एका थेंबालाही किती किंमत येते ते तिथे कळते. उलट 2018 पासून आयर्न मॅनचा सूट छातीवरच्या डबीतून नॅनोकणांनी वाहत येतो, हवे ते हत्यार हवे तेव्हा तयार होते, कुठे स्क्रू नाही की सांधा नाही. दिसायला सुंदर आहे, पण मला त्यात करण्यासारखे काही उरले नाही. बहुविश्वांच्या कथांविषयी तर बोलतच नाही.

हे सारे परदेशी खूळ आहे, असेही मला ऐकवले जाते. पुण्यातल्या माणसाने तरी असे म्हणू नये. मूकपटांच्या काळात कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांनी कॅमेरा स्वतः बनवला होता आणि त्यांच्याच हाताखाली तयार झालेले दामले आणि फत्तेलाल पुढे 'प्रभात' या चित्रपटसंस्थेचे आधारस्तंभ झाले. त्या दोघांनी 1936 च्या 'संत तुकाराम'मध्ये महाराजांचे विमान वैकुंठाला नेले ते आज जिथे फिल्म इन्स्टिट्यूट आहे त्याच आवारातून, आणि ट्रिकसीन करणारे ते लोक अवजारे हातात धरणारेच होते.

विज्ञानपटांशी माझे भांडण होते, पण ते प्रेमाचे. 2014 च्या 'इंटरस्टेलर'मधले कृष्णविवर भौतिकशास्त्रज्ञ किप थॉर्न यांच्या समीकरणांवरून संगणकावर काढलेले आहे. याच थॉर्नना 2017 मध्ये गुरुत्वीय लहरींसाठी नोबेल मिळाले. त्याच चित्रपटात मिनिटाला साधारण साडेपाच फेरे घेणारे चक्राकार यान स्फोटानंतर 68 फेऱ्यांवर जाते. वेग बारापट झाला म्हणजे कडेवरचा ताण वेगाच्या वर्गाने, म्हणजे दीडशेपटीच्या आसपास वाढला. ते चक्र टिकेल असे मला वाटत नाही आणि मी ते घरी येऊन कागदावर मांडूनही पाहिले. पण त्याला जोडू पाहणारा वैमानिक आधी आपले यान अगदी त्याच्या अक्षावर आणतो, मग स्वतःचे फेरे त्याच्याशी जुळवतो आणि त्यानंतरच पुढे सरकतो. फिरत्या शाफ्टला जोडणी देताना क्रम हाच असतो, म्हणून चक्राचे गुन्हे मी माफ केले.

आता यापुढचा प्रश्न, की सुरुवात कशाने करावी. ज्यांना उडणारी माणसे मुळीच सहन होत नाहीत, त्यांना मी 1995 चा 'अपोलो 13' लावून देतो. त्यात कोणालाही कसलीही दिव्य शक्ती नाही आणि चंद्राकडे निघालेले यान वाटेत बिघडल्याची ही गोष्ट 1970 मध्ये खरोखर घडलेली आहे. हवा शुद्ध करणारे मुख्य यानातले डबे चौकोनी, चंद्रावर उतरायच्या छोट्या यानातली जागा गोल, आणि जमिनीवरच्या इंजिनिअरांपुढे टेबलावर ओतलेल्या प्लॅस्टिकच्या पिशव्या, पुठ्ठा, नळ्या आणि चिकटपट्टी, म्हणजे यानात आहे तेवढेच सामान. हे दृश्य पाहताना तुम्ही खुर्चीत पुढे सरकलात, तर पुढच्या रविवारी घरी या, गुहेतले ओतकाम दाखवतो. नाही सरकलात, तर मी आग्रह करणार नाही. तळजाईवर आपण क्रिकेटवर बोलू.