झेंडूपासून सुरू केलेलं बँकॉक

नोकरीनिमित्त बँकॉकला येऊन मला आता चौथं वर्ष लागलंय. एवढ्या काळात घरी उतरलेल्या बहुतेक पाहुण्यांनी एका दिवसात राजवाडा, तीन देवळं, दोन मॉल आणि रात्रीचा बाजार उरकला. परत जाताना सगळ्यांच्या तोंडी एकच: "ऊन फार, ट्रॅफिक फार." मला ते लागतं, कारण मी रोज बघते ते शहर तसं नाही. म्हणून डिसेंबरातला सुट्टीचा एक मंगळवार मी ठरवून नदीकाठी घालवला. टॅक्सी केली नाही, यादी केली नाही. तुमच्या हातात इथला एकच दिवस असेल तर तो असाच घालवा.

सकाळी साडेसहाला पाक ख्लोंग तलात, म्हणजे इथला फूलबाजार. मेट्रोने सनाम छाय स्टेशनला उतरायचं आणि थोडं चालायचं. हे स्टेशन 2019 साली सुरू झालं. आतले कमळाच्या घाटाचे खांब जरा थांबून बघा, दरबारात आल्यासारखं वाटतं. बाजार चोवीस तास उघडा असतो, पण सकाळी ऊन नसतं.

दादरच्या फूलबाजारात दसऱ्याच्या आदल्या दिवशी जे दिसतं ते इथे रोज दिसतं: पोत्यांनी झेंडू. मोगऱ्याच्या कळ्यांवर बर्फाचा चुरा पसरलेला. एका बाईंसमोर मी बराच वेळ उभी राहिले. त्यांच्या हातात वीतभराहून लांब सुई होती आणि तिच्यावर त्या मोगऱ्याच्या कळ्या गोल गोल, एकीला एक चिकटून ओवत होत्या. सुई भरली की सगळा थर अलगद दोऱ्यावर उतरवायचा. मध्येच मेणासारखी पांढरी, जाड फुलं. नीट पाहिलं तर रुई! आपल्याकडे शनिवारी मारुतीला रुईच्या पानांची माळ घालतात. इथे हारात फुलं ओवतात. थाई भाषेत तिला 'दोक राक' म्हणतात आणि 'राक' म्हणजे प्रेम, म्हणून लग्नाच्या हारातही ती हवीच. हाराला शब्द 'मालाय', म्हणजे आपली माळच. वीस बाटला (बाट म्हणजे थाई रुपया) एक छोटा हार घेतला, मनगटात अडकवला आणि निघाले.

बाजाराला लागूनच धक्का आहे. तिथून केशरी झेंड्याची बोट घ्या. तिकीट 16 बाट, कुठेही उतरा. पर्यटकांसाठीची निळ्या झेंड्याची बोट बरीच महाग पडते आणि नदी तीच असते, त्यामुळे झेंडा बघूनच चढा. सुटे पैसे जवळ ठेवा. तिकीटवाली बाई हातातली पत्र्याची लांब नळी खुळखुळवत येते, त्यातच नाणी आणि त्यातच तिकिटं. बोट धक्क्याला लावताना मागचा माणूस शिट्ट्या मारून चालकाला खुणावतो. काही फेऱ्यांनी त्या शिट्ट्यांचा अर्थ कळायला लागतो. बोट पूर्ण थांबेल याची वाट बघू नका, पण म्हातारी माणसं बरोबर असतील तर त्यांना आधीच दाराजवळ आणा. मागच्या बाजूची जागा भिक्षूंसाठी असते. बायकांनी त्यांना स्पर्श होणार नाही एवढं अंतर ठेवायचं.

मी सरळ नॉनथबुरी या शेवटच्या थांब्यापर्यंत गेले. बघण्यासारखं फारसं नाही, धक्क्यावर घड्याळाचा मनोरा आहे, एवढंच. पण वाटेतलं पाणी, खांबांवरची लाकडी घरं आणि एका मागोमाग एक रेतीचे पडाव ओढणारी छोटी बोट यासाठी हा फेरा करावाच.

परतताना था तियन धक्क्यावर उतरायचं. तिथून पाच बाटांत नदीपलीकडे वाट अरुण ('वाट' म्हणजे थाईत देऊळ). नाव आपलंच, सूर्याचा सारथी अरुण. लांबून शिखर करडं दिसतं. जवळ गेलं की कळतं, चिनी मातीच्या बशा-वाट्यांच्या तुकड्यांची फुलं जडवली आहेत. पायऱ्या फार उभ्या आहेत, गुडघ्यांचा त्रास असेल तर खालीच बसा.

अलीकडच्या काठावर वाट फो. 46 मीटर लांबीचा निजलेला बुद्ध सगळे बघतात. तुम्ही तळव्यांपाशी थांबा, तिथे शिंपल्यात कोरलेली 108 शुभचिन्हं आहेत. आवारातच पारंपरिक मालिशही होतं, थकलेल्या आई-बाबांसाठी उत्तम. खांदे-गुडघे झाकणारे कपडे हवेत. राजवाडा मी या दिवसात घेतला नाही. त्याला वेगळी सकाळ लागते. एक मात्र सांभाळा: भिंतीलगत कुणी गोड बोलून "आज बंद आहे, चला दुसरीकडे नेतो" म्हणालं तर ऐकू नका. पहिल्या वर्षी मी ऐकलं आणि अर्धा दिवस दागिन्यांच्या दुकानांत गेला. दारापर्यंत स्वतः जाऊन बघा.

जेवायला पाहुरात या भारतीय वस्तीत. गुरुद्वाऱ्याच्या सोनेरी घुमटाभोवती कापडाची दुकानं आणि शाकाहारी थाळ्या आहेत. इतरत्र शाकाहारी जेवायचं तर पिवळ्या पाटीवर लाल अक्षरांत 'जे' शोधा आणि तरीही "माय साय नाम प्ला", मासळीचं पाणी घालू नका, असं सांगा. भाजीतही ते सर्रास असतं.

दुपारी मी चक्क घरी जाऊन झोपले. पाचला पुन्हा था तियन. अरुण पहाटेचा खरा, पण देऊळ बघावं मावळतीला, याच काठावरून, कारण सूर्य त्याच्या मागे उतरतो. गच्चीवरच्या हॉटेलात टेबल मिळालं नाही तरी धक्का आहेच. केशरी बोटी संध्याकाळी लवकर थांबतात. परतीला मेट्रोच धरा.

घरी पोचल्यावर हार काढला. मोगरा तपकिरी पडला होता. रुईची फुलं सकाळसारखीच पांढरी, टणक. देवापुढे ठेवली.